सास्तूरचा होकार

धाराशिव,
गुरुवार

प्रिय सुगत,

सप्रेम जयभीम.

फोनवर शिवांजली सिस्टरचं नाव काढलं की तू फोन ठेवतोस. रविवारी ठेवलास, काल पुन्हा ठेवलास, आणि वर मेसेज टाकलास की त्या बाईची वकिली करायची असेल तर मला फोन करत जाऊ नकोस. बरं बाबा, नाही करत. म्हणून कागद घेऊन बसलेय. लग्नाआधीही तुला कधी पत्र लिहिलं नव्हतं. एकाच खोलीत पाठीला पाठ लावून काम करणाऱ्यांना कसलं आलंय पत्र! त्याच खोलीत बसून लिहितेय, दवाखान्याच्या औषध-स्टोअरच्या मागं. तुझ्या खुर्चीवर आता रणधीर बसतो, तो जेवायला गेलाय. सोमवारी संस्थेच्या चौकशी समितीपुढं शिवांजलीची शेवटची सुनावणी आहे. तू लोहाऱ्याच्या पोलिसांत दिलेली तक्रार समितीच्या अहवालासाठी अडून आहे. सिस्टरनं पेशंटला काही न विचारता इंजेक्शन दिलं, असं समितीनं एकदा लिहिलं की तिची नोकरी गेली आणि पोलीस तिच्या दारात आले म्हणून समज. तू म्हणतोस माझ्या आईच्या जिवाचा प्रश्न आहे. माझ्याही आईच होत्या रे त्या. पण आई गेल्या, आता जी जिवंत आहे तिचा प्रश्न आहे. म्हणून मध्येच फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

आधी घरचं सांगते. दादा बरे आहेत असं मी फोनवर सांगते ते खोटं आहे. जलदान विधीला आलेले पाहुणे पांगल्यापासून तुझे वडील घराबाहेर पडत नाहीत. मी शनिवारी सास्तूरला जाते, दोन दिवसांचं करून ठेवते, तर पुढच्या शनिवारी त्यातलं निम्मं तसंच. ज्या कोंबड्यांवर आयुष्यभर खेकसले, आईंशी भांडले, त्यांना आता स्वतः ज्वारी टाकतात आणि त्या खाईपर्यंत तिथंच उकिडवे बसून राहतात. गेल्या शनिवारी मला विचारलं, सुगत उस्मानाबादला कधी येणार. धाराशिव काही त्यांच्या तोंडी बसत नाही. मी म्हटलं, पुढच्या सोमवारी, सुनावणीला. तर म्हणाले, त्या नर्स पोरीला काय करणारेत. मी ताट वाढून पुढं ठेवलं. मग म्हणाले, म्या गाडीत व्हतो गं, पोरगी सारी वाट म्हातारीची छाती दाबीत व्हती, रडत व्हती आन दाबीत व्हती, हात थांबला न्हाय तिचा. हे त्यांनी तुला सांगितलं नाही, कारण तू त्यांना बोलूच देत नाहीस. तुझा राग आला की तू बापालाही ओळखत नाहीस, हे मला लग्नाआधी कुणी सांगायला हवं होतं.

तुला आपले शनिवार आठवतात का? संस्थेची गावोगावची आरोग्य केंद्रं तेव्हा मोजकीच होती. पेशंटची माहिती बाहेर जायला नको म्हणून संस्थेनं ठरवलेलं की नोंदींचं सॉफ्टवेअर बाहेरून घ्यायचं नाही, बाहेर द्यायचंही नाही. इथंच लिहायचं, इथंच बांधायचं आणि आपल्याच केंद्रांवर बसवायचं. शनिवार म्हणजे तुझा बिल्डचा दिवस. सगळ्या फायली गोळा कर, जोड, नंबर टाक, संस्थेची सही लाव, पॅकेज बांध, पेन ड्राइव्हवर घे. मध्ये काही फुटलं की पुन्हा पहिल्यापासून. आणि फुटलं की तू मला चहा आणायला पिटाळायचास. मी म्हणायची, बिल्ड तू फोडलास, मग चहा मी का आणू? आईंनी एकदा विचारलं होतं की हे पॅकेज म्हंजे काय रं असतंय. तू सांगितलंस, तू दादांना रानात न्यायला भाकरी बांधून देतीस ना, तसंच. भाकरी, कोरड्यास, कांदा सगळं एका फडक्यात, म्हणजे तिथं गेल्यावर काही राहिलं म्हणून माघारी यायला नको. आई म्हणाल्या, मग मीठ घातलंय का बघून बांधीत जा. आपण दोघं किती हसलो होतो.

पॅकेज झालं की तू गाडी काढायचास आणि थेट सास्तूर. गाव तुझं, जेवण आईंच्या हातचं, आणि केंद्रावर तिथल्या सिस्टर, चैतालीताई. त्या आठवडाभर ते नवं पॅकेज आपल्या लोकांवर वापरून बघायच्या आणि मग फोन करायच्या, चालतंय, द्या पुढं. त्याला आपण सास्तूरचा होकार म्हणायचो. तो आल्याशिवाय तेर नाही, अणदूर नाही, कुणालाच नाही. एकदा त्यांनी ठाम नाही म्हटलं, तेव्हा तू किती चिडला होतास! आणि बघतोस तर रात्रीची गोळी चिठ्ठीवर सकाळच्या खान्यात छापून येत होती. त्या दिवशी तू त्यांच्यासाठी तुळजापूरहून पेढे आणलेस आणि मला एक दिलास.

आणि तो ओळखीचा रकाना. नाव, गाव, जन्मतारीख, आणि खाली नुसतं 'ओळख'. तो तू आईंमुळंच घातला होतास. भूकंपात सगळ्यांची कागदं ढिगाऱ्याखाली गेली. मग पत्र्याच्या शेडमध्ये एक गुरुजी बसले आणि आल्या माणसाचं तोंड बघून साल टाकत गेले, तारीख सगळ्यांना एकच, एक जून. त्यात आपल्या गावात दोन मथुराबाई. दोघींचे नवरे पिराजी, दोघींचं आडनाव गायकवाड, दोघींना साल पण एकच. त्या मराठ्यांच्या, आपण बौद्ध; दोन घरांत कसलं नातं नाही, पण कागदावर दोघी सारख्या. गावाला कधी घोटाळा वाटला नाही. जुन्या गावात त्यांचं घर वेशीत होतं म्हणून त्या वेशीतल्या मथुराबाई, आणि आपल्या आई विहारामागच्या मथुराबाई. नव्या गावात वेस कुठाय? पण नाव राहिलं, आणि तेच तू त्या रकान्यात लिहायला लावलंस. आपण एकदा एक जूनला आईंसाठी केक नेला होता, तर त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. म्हणाल्या, आरं, आज निम्म्या गावाचा वाढदिवस हाय, येवढासा केक कुणाकुणाला पुरवू. आणि खरंच त्यांनी वेशीतल्या मथुराबाईंना बोलावून आणलं आणि दोघींनी मिळून सुरी धरली.

मग केंद्रं वाढली. पेन ड्राइव्ह घेऊन तू कुठंकुठं फिरणार? तुझा शनिवार सोमवारपर्यंत लांबायला लागला, पाठ धरायला लागली, आणि तू हे सगळं यंत्रावर सोपवायचं काम हाती घेतलंस. कोड आपण ठेवायचा. सर्व्हर स्वतः पॅकेज बांधणार, स्वतः तपासणार, सही लावणार, आपल्या खाजगी भांडारात ठेवणार, आणि पहाटे प्रत्येक केंद्राचा कॉम्प्युटर ते उचलून स्वतःवर बसवून घेणार. ज्या दिवशी ते पहिल्यांदा माणसाचा हात न लागता सगळीकडं पोचलं, त्या दिवशी तू खोलीत नाचलास. मला तुझा लई अभिमान वाटला होता. अजून वाटतो, पुढचं लिहितानाही.

होकार मात्र तू काढला नव्हतास, ते कबूल. पॅकेज आधी सास्तूरला जायचं, चैतालीताईंच्या स्क्रीनवर पिवळी पट्टी यायची, त्यांनी हो दाबलं की मग बाकीच्यांना. पण बिल्ड आता केव्हाही व्हायला लागले, आणि ताईंपुढं पेशंटची ही रांग. पट्टी तशीच राहायची, पॅकेज अडकायचं, आणि संचालक आपल्या डोक्यावर. तेव्हा तू तो नियम लिहिलास. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही तर हो समजायचं. मी शेजारीच बसले होते. मी म्हटलं, हे पोरगी दाखवायच्या कार्यक्रमासारखं झालं की रे; तिला विचारायचं, ती मान खाली घालून गप्प बसली की बापानं सांगायचं, पोरगी तयार आहे. तू म्हणालास, ताई एकदा सोडून कधी नाही म्हणाल्यात का. ते मलाही पटलं. बैठकीत तो नियम सगळ्यांना आवडला.

पुढचं तुला ठाऊकच आहे. यंत्र सगळं करतंय तर दोन माणसं कशाला, असं संस्थेनं म्हटलं, आणि तू पुण्याला गेलास. तू ज्याच्यासाठी पाठ मोडून घेतलीस त्यानंच तुला उठवलं, आणि आपला संसार दोन गावांत गेला. तुला मी तेव्हा रडून दाखवलं नाही, पण रडले होते. पुढं काम वाढलं तेव्हा निम्म्या पगारावर नवखा रणधीर घेतला. या उन्हाळ्यात चैतालीताई निवृत्त झाल्या, तेरला लेकाकडं राहायला गेल्या. त्यांच्या जागी अणदूरहून शिवांजली आली. पिवळी पट्टी अजून ताईंच्याच लॉगिनला जोडलेली. ते लॉगिन कुणी उघडत नव्हतं, आणि नव्या सिस्टरला असा काही होकार द्यायचा असतो हे कुणी सांगितलं नव्हतं. तिला गावही नवं. कोण वेशीतली आणि कोण विहारामागची, तिला कसं कळावं?

आता मला जे कळलं ते कसं कळलं, ते ऐक. दोन आठवड्यांमागं वेशीतल्या मथुराबाई बीपीच्या गोळ्यांना केंद्रावर गेल्या. शिवांजली निलंबित, तिच्या जागी बदलीवर आलेली बाई स्क्रीन बघून म्हणाली, आजी, तुमचं नाव मयतांत आहे, गोळ्या कशा देऊ? म्हातारी तशीच तणतणत आपल्या घरी आली. शनिवार होता, मी कोंबड्यांखालचं झाडत होते. म्हणाल्या, आगं गौरे, तुमचं मशीन म्हनतंय म्या मेले, आता म्या मेले तर ह्या गुडघ्यांनी तुज्या दारात कोन आलंय, भूत? दादा किती दिवसांनी हसले. मी पण हसले, आणि मग त्यांना बसवून ती बाई नक्की काय म्हणाली ते पुन्हा विचारलं.

सोमवारी खोलीत आल्या आल्या उघडून बघितलं. दोन मथुराबाई राहिल्याच नव्हत्या, एकच होती. त्या एकीला वेशीतल्या बाईंचं बीपी होतं, आपल्या आईंचे गुडघे होते, फोन दादांचा आणि घराचा नंबर वेशीतल्या बाईंचा. तुला आठवतं, तू दहावीला असताना दुखण्याच्या इंजेक्शननं आईंचे ओठ सुजले होते, श्वास कोंडला होता, आणि शेजारच्या जीपमधून उमरग्याला पळवलं होतं? ते चैतालीताईंनी आईंच्या नावावर लाल पट्टीत लिहून ठेवलं होतं, औषधाच्या नावासकट. ती लाल पट्टी नव्हती. तिथं लिहिलं होतं, ॲलर्जी नाही. ते वेशीतल्या बाईंचं होतं.

रणधीरला विचारलं तर तो पांढरा पडला. एकाच पेशंटची दोनदोनदा नोंद झालीय, ती एक करा, असं वरून सांगितलं होतं. त्यानं लिहिलं: नाव, गाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस एक, आणि दोन नोंदींत फरक असला तर नवी ती खरी धरायची. वेशीतल्या बाई दर महिन्याला गोळ्यांना जातात, त्यांची नोंद नवी. ओळखीचा रकाना त्याला पत्त्याची खरड वाटली. लातूर शहरातलं पोरगं, त्याच्या मित्रांचे वाढदिवस वर्षभर पसरलेले. एक जूनला अख्खं गाव जन्मलेलं असतं हे त्याला कुठून ठाऊक? त्याच्या चाचण्या सगळ्या हिरव्या आल्या. पॅकेज बनलं, सही लागली, सास्तूरला गेलं, संध्याकाळ झाली, कुणी बोललं नाही. पहाटे सगळ्या केंद्रांवर बसलं. मी रणधीरवर ओरडणार होते, पण ओरडता येईना. त्यानं विचारायचं कुणाला? विचारायची जागाच आपण काढून टाकली होती. ताई असत्या आणि पट्टी बघितली असती, तर त्याच दिवशी म्हणाल्या असत्या, अगं, ह्या दोघी एक कशा झाल्या?

त्यानंतर आठच दिवसांत आईंचे गुडघे उठले. उठता-बसता कळ लागत होती, तरी त्या स्वतःच्या पायांनी केंद्रावर गेल्या, दादा मागनं. इथल्या डॉक्टरनं व्हिडिओवर बघितलं, त्याच्याही पुढं तीच नोंद. त्यानं इंजेक्शन सांगितलं. शिवांजलीनं नोंद वर-खाली करून बघितली, दिलं. मग जे झालं ते झालं. तिनं लगेच त्यावरचं उताऱ्याचं औषध दिलं, ऑक्सिजन लावला, ॲम्ब्युलन्स बोलावली, सोबत गेली. उमरगा यायच्या आत आई गेल्या. मी डॉक्टरांना विचारलंय, तिनं करायचं राहिलं असं काही नाही.

आणि समितीत काय चाललंय ते बघ. मी संचालकांना सगळं दाखवलं. ते म्हणाले, गौरीताई, तुम्ही घरच्या आहात, दुःखात आहात, सुनावणी होऊ द्या, मग सॉफ्टवेअरचं बघू. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! त्यांना तुझी तक्रार आयती मिळालीय. पोरगा स्वतः म्हणतोय सिस्टरचा हलगर्जीपणा, मग संस्थेचं पॅकेज चांगलंच, कुणाला काही उघडून दाखवायला नको. दर गावात अशी एक जूनची माणसं आहेत रे. कुणाची साखर कुणाच्या नावावर गेलीय, कुणाची लाल पट्टी पुसली गेलीय, आम्हाला अजून सगळं कळलेलं नाही. संचालकांना न विचारता तुझा नियम मी बंद केलाय. रणधीर आणि मी केंद्राकेंद्राला फोन लावून माणसं वेगळी करतोय. सिस्टर सांगतात, ही पाटलाच्या वाड्याजवळची, ती मोटेच्या विहिरीवरची, आणि आम्ही लिहितो. दुसऱ्या कशानं ती वेगळी होतच नाहीत.

समितीनं शिवांजलीला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारलाय, जो तुझ्या तक्रारीत आहे. तू पेशंटला विचारलंस का? ती मान खाली घालून बसते. त्यांनी लिहून घेतलं, उत्तर नाही. मला ते खटकलं. जी पोरगी मेलेल्या माणसाची छाती सोडत नाही, ती साधं हो-नाही का सांगत नाही? म्हणून मंगळवारी रजा टाकून अणदूरला गेले. खंडोबाच्या देवळामागच्या गल्लीत घर आहे. तिची सासू दारातच आडवी उभी राहिली. म्हणाली, आता आनि काय ऱ्हायलंय, पोरीचं रगत प्याय आलीस का? पाणीसुद्धा विचारलं नाही. मी म्हटलं, मावशी, माझी सासू गेलीय, मला नुसतं बसू द्या. मग बसू दिलं.

शिवांजली ओळखू येत नाही. केस विंचरलेले नाहीत, पोरगी मांडीवर येते तर तिला ढकलते. मी तिला दोन मथुराबाईंचं सांगितलं, लाल पट्टीचं सांगितलं, तेव्हा तिनं डोकं भिंतीला टेकवलं आणि ओक्साबोक्शी रडली. तिला वाटत होतं, आपणच काहीतरी बघायचं चुकलो. मग तिनं सांगितलं की तिनं आईंना विचारलं होतं. आईंनी उत्तरही दिलं होतं. दादा तेव्हा बाहेर केसपेपर काढत होते, म्हणून त्यांनी ऐकलं नाही. ते उत्तर तिनं समितीला सांगितलं नाही, पोलिसांना नाही, नवऱ्यालाही नाही. मी विचारलं, वेडे, का नाही सांगितलंस? म्हणाली, ताई, त्यांचा मुलगा समोर बसलेला असतो, त्याच्या तोंडावर कसं सांगू, जन्मभर घास गिळणार न्हाय त्याला. हे तुझ्याबद्दल बोलत होती, सुगत. ज्यानं तिला खुनी म्हटलं त्याच्याबद्दल. मला तुझी इतकी लाज वाटली, आणि इतकी दयाही आली, की माझं मलाच कळेना काय करू. परत येताना सगळी वाट बसमध्ये रडले. कंडक्टरनं तिकीट मागितलं तेही ऐकू आलं नाही.

तर आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. तक्रार मागं घे असं सांगायला नाही. तुला जे करायचं ते तू कर. माझा जबाब मी आज सकाळी लेखी दिलाय. नियम कुणी लिहिला, शेजारी कोण बसलं होतं, सगळं त्यात आहे. तुझं नाव आहे आणि माझंही. पण शिवांजलीनं विचारलं होतं हे सांगायचं तर तिला सोमवारी सगळ्यांपुढं आईंचं उत्तर सांगावंच लागणार. ती तयार नव्हती, मीच तिच्या पोरीची शपथ घालून तिला तयार केलंय. तू तिथं वकिलाशेजारी बसलेला असशील. ते बोलणं पहिल्यांदा तिथं, चार परक्या माणसांत, तुझ्या कानावर पडू नये म्हणून हे लिहितेय. दुसरं कारण नाही. शिवांजलीनं विचारलं, आजी, कुठलं इंजेक्शन तुम्हाला सोसत नाही का, नीट आठवून सांगा. आई खाटेवर पाय सोडून बसल्या होत्या, त्या हसल्या. म्हणाल्या, मला न्हाय बाई नावं ध्यानात ऱ्हात, पर त्या मशीनमंदी माजं समदं लिवलंय, त्यात बग आन दे. माज्या सुगतनं केलंय त्ये, त्यात चूक न्हाय निगायची.

अजूनही तुझीच,
गौरी